टोकियोतील स्मिथ-संग्रह

अ‍ॅडम स्मिथच्या खासगी ग्रंथालयातील सुमारे ३०० पुस्तके इनाझो नितोबे यांनी १९२० साली लंडनमध्ये खरेदी करून टोकियोच्या शाही विद्यापीठाला दिली. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत विद्यापीठाचे ग्रंथालय जळाले. ही पुस्तके मात्र बचावली, हे अभ्यासकांचे थोर भाग्य. त्यांची तपशीलवार सूची तादाओ यानाइहारा यांनी १९५१ साली प्रसिद्ध केली. नितोबे यांच्यामागून वसाहतनीतीचे अध्यापन करणारे, आणि चीनवरील युद्धाला विरोध केल्यामुळे १९३७ साली प्राध्यापकी सोडावी लागलेले, तेच हे यानाइहारा. अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगर यांचा, जपानातच असलेला ग्रंथसंग्रह मात्र हितोत्सुबाशी विद्यापीठात आहे. वाचकांनी दोहोंची गल्लत करू नये. — संपा.