सूक्ष्मविद्युत उपचार

त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून शरीरात अल्प विद्युतप्रवाह सोडण्याची पद्धत. ती बहुधा फिजिओथेरपी दवाखान्यातल्या ‘टेन्स’ यंत्राच्या रूपात भेटते. मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांच्या द्वार-नियंत्रण सिद्धांतानुसार (१९६५) स्पर्शाचे जाड मज्जातंतू उद्दीपित झाले की मेरुरज्जूत वेदनेचे संदेश अडतात. म्हणून गुडघा किंवा कंबर काही काळ हलकी वाटते. याच पद्धतीच्या ‘मायक्रोकरंट’ यंत्रांचा प्रवाह एक मिलिअँपिअरहूनही कमी, बहुधा न जाणवणारा.

अशा यंत्राने रक्तातले जंतू मरतात, मधुमेह वा कर्करोग बरा होतो, हे दावे निराधार व घातक आहेत. या रोगांवरील इलाजांच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. पेसमेकर बसवलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ही यंत्रे वापरू नयेत. यंत्राच्या भरवशावर इन्सुलिन तर कधीच थांबवू नये.