गुन्ह्याचा पैसा परदेशात गेला तर परत मिळतो का? जाणून घ्या

नाशिक : मालेगावातील तरुणांच्या कागदपत्रांवर बँक खाती उघडून १०० कोटींहून जास्त रुपये फिरवल्याचा आरोप २०२४ मध्ये समोर आला. त्या नोव्हेंबरात ईडीने मालेगाव, नाशिक, मुंबईसह गुजरातमध्ये छापे टाकले.

मनी लाँड्रिंग म्हणजे काय?
गुन्ह्यातला पैसा खात्याखात्यांतून फिरवून कष्टाचा असल्यासारखा दाखवणं. यासाठीचा पीएमएलए कायदा १ जुलै २००५ पासून लागू आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे सक्तमजुरी.

पैसा देशाबाहेर गेला तर?
ईडीला दुसऱ्या देशात जाऊन थेट जप्ती करता येत नाही. विशेष न्यायालयामार्फत त्या देशाला विनंतीपत्र जातं. करार असेल तर तिथली यंत्रणा माहिती देते, मालमत्ता गोठवते. याला वर्षं लागतात, पण माल परत येतो. नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्याशी संबंधित कंपन्यांचे हिरे, मोती, दागिने ईडीने जून २०२० मध्ये हाँगकाँगहून आणले. वजन सुमारे २,३४० किलो, किंमत सुमारे १,३५० कोटी रुपये.

परत आलेली मालमत्ता कोणाला?
नुकसान झालेल्यांना ती देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

हे लक्षात ठेवा
• कमिशन किंवा नोकरीच्या आमिषाने पासबुक, एटीएम कार्ड, सिम कोणालाही देऊ नका. खातं तुमच्या नावावर, तर चौकशीही तुमचीच.
• फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवला तरच लवकर मिळतो.