सातबारा, आठ-अ आणि तक्त्यांमधली नाती

१/
वरूड तालुक्यातील संत्र्याच्या बागेला सरकारदप्तरी दोन ओळखी असतात. जमिनीच्या बाजूने पाहिले तर ती सातबाऱ्यावरील एक भूमापन क्रमांक; माणसाच्या बाजूने पाहिले तर खातेदाराच्या आठ-अ उताऱ्यावरील एक ओळ. या दोन ओळखींचा मेळ घालणे हे पटवाऱ्याचे काम होते. संगणकयुगात तेच कोडे प्रोग्रामरपुढे आले.

२/
१८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी मोजणी येथे सुरू झाली : शेताला क्रमांक, क्रमांकावर आकारणी आणि आकारणीस जबाबदार खातेदार. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने साऱ्या राज्याला एकच चौकट दिली.

३/
एका खातेदाराची शेते अनेक. एका शेताचे खातेदारही अनेक. हे ‘अनेक-ते-अनेक’ नाते कोणत्याही एका तक्त्यात मावत नाही. त्यासाठी तिसरा तक्ता लागतो : खातेदार, भूमापन क्रमांक, हिस्सा. हिस्सा हा माणसाचा गुण नव्हे आणि जमिनीचाही नव्हे. तो त्या दोहोंमधील नात्याचा गुण आहे.

४/
१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी सर्व माहिती तक्त्यांत मांडण्याचा आणि तक्ते समान मूल्यांनी जोडण्याचा सिद्धांत दिला. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी घटक व त्यांची नाती आकृतीत दाखवण्याची पद्धत मांडली.

५/
तिकडे नॉर्वेत डाल आणि नीगार्ड यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेतून ‘ऑब्जेक्ट’ची कल्पना आकाराला आली होती. ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टला थेट धरून ठेवतो. खातेदाराजवळ जमिनींची यादी असते, जमिनीजवळ खातेदारांची. तक्त्यात एकदाच लिहिलेले नाते येथे दोनदा येते. एक यादी बदलली आणि दुसरी राहिली, की विसंगती आलीच.

६/
हा सांधा जुळवण्यासाठी २००१ मध्ये हायबरनेट आणि २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स ही साधने आली. हायबरनेटचा नियम असा, की दुतर्फा नात्यात एकच बाजू ‘मालक’ असते आणि तिच्यातील बदलच तक्त्यात उतरतो. महसुली दप्तरात हा मान गाव नमुना सहाचा, म्हणजे फेरफार नोंदवहीचा. आधी तेथे नोंद, मग हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, नंतर प्रमाणीकरण. तेव्हा कुठे सातबारा बदलतो.

७/
खरी कसोटी लागते ती खातेदाराच्या मृत्यूनंतर. ‘मूळ नोंद पुसली की संलग्न नोंदीही पुसाव्यात’ असा आदेश कोडमध्ये असेल, तर माणसाबरोबर त्याचे हिस्सेही नाहीसे होतील आणि शेत धन्याविना उरेल. कागदी दप्तर अधिक सावध होते. मृताचे नाव कंसात जाई, वारसांची नावे चढत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक राही. जुने नाव वाचता येई. बदल का झाला, हेही शोधता येई.

८/
रचना चुकली तर अन्यायही होतो. १९९४ च्या महाराष्ट्र दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर आला. पण ‘एका जमिनीला एकच खातेदार’ असे गृहीत धरलेल्या प्रोग्राममध्ये थोरल्या भावाचे नाव बसते; बहिणीचे नाव लिहायला रकानाच उरत नाही. कायद्याने दिलेला हक्क असा एका तक्त्याच्या अभावी अडू शकतो.

९/
हस्तलिखित नोंदी संगणकावर चढताना चुका झाल्या. लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी अधिनियमाचे कलम १५५ कामी येते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. स्वाक्षरी उताऱ्याच्या अस्सलपणाची हमी देते. आतील नाती बरोबर जोडली आहेत, याची देत नाही. पीककर्ज असो वा गारपिटीची भरपाई, संत्रा उत्पादकाची वाट याच नोंदींतून जाते. म्हणून तक्त्यांमधील नाते कसे मांडावे, हा प्रश्न जितका प्रोग्रामरचा, तितकाच वरूडच्या शेतकऱ्याचाही आहे.