दोन वह्यांचा राष्ट्राध्यक्ष

 

बैठकीला बसलो की आपण आधी काय करतो? मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचतो. मग पेटी उघडतो, रोकड मोजतो आणि वहीशी जुळवतो. परवा एका गटात नव्यानंच आलेल्या एका सुनेनं आम्हाला विचारलं, "ताई, आपण सगळ्या एकाच आळीतल्या. अध्यक्षबाई पण चांगल्या आहेत. मग दर वेळी मोजायचं कशाला? त्यांना वाईट नाही का वाटत?" प्रश्न मनापासूनचा होता. त्याचं उत्तर म्हणून आज एक इतिहास सांगतो. तो अमेरिकेतला आहे, पण ऐकताना तुम्हाला आपलीच वही आठवेल.

काळ कुठला ते आधी सांगतो. आपल्याकडे ७२ चा दुष्काळ पडला होता. घरातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात, खडी फोडायला जायचो, तांबडी मिलो खायचो. त्या वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते रिचर्ड निक्सन. ते १९६९ च्या जानेवारीत खुर्चीवर बसले, तेव्हा त्यांच्या देशाचे पाच लाखांहून जास्त सैनिक व्हिएतनाममध्ये लढत होते. व्हिएतनाम अमेरिकेपासून हजारो मैल लांब. तिथं पोरं का मरतायत, हे तिकडच्या आयांना कळेना. तरण्या पोरांना सरकार सक्तीनं भरती करत होतं. युद्ध संपेपर्यंत अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन सैनिक गेले. व्हिएतनामी माणसं तर लाखोंनी मेली. लोक कंटाळले होते, चिडले होते. मानानं युद्ध संपवू, असं सांगूनच निक्सन निवडून आले होते.

पण १९६९ च्या मार्चपासून त्यांनी शेजारच्या कंबोडिया देशावर गुपचूप बॉम्ब टाकायला सुरुवात केली. कंबोडियाशी युद्ध जाहीर केलेलं नव्हतं. शत्रूचे तळ तिथं लपलेत, असं सरकारचं म्हणणं. पण ते म्हणणं लोकांपुढं मांडलंच नाही. चौदा महिन्यांत एक लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. मग हे लपवलं कसं? मैत्रिणींनो, दोन वह्या ठेवून. विमानांना दिशा देणाऱ्या रडारवरच्या एका अधिकाऱ्यानं पुढं संसदेच्या समितीसमोर हे सांगितलं. बॉम्ब जिथं पडले ते खरे कागद जाळायचे आणि कागदोपत्री ठिकाण लिहायचं व्हिएतनाममधलं. एक वही खरी, ती जाळायची. एक वही खोटी, ती दाखवायची.

खोट्या नोंदीची एक खोड असते. ती एकटी राहत नाही. तिला झाकायला दुसरी लागते.

१९६९ च्या मे महिन्यातच एका वर्तमानपत्रात बॉम्बफेकीची बातमी आली. घरातलं कोण बोललं, हे शोधायला निक्सन सरकारनं आपल्याच अधिकाऱ्यांचे आणि पत्रकारांचे फोन चोरून ऐकायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी सैन्य उघडपणे कंबोडियात शिरलं, तेव्हा कॉलेजची मुलं रस्त्यावर आली. ओहायो राज्यात केंट इथं ४ मे १९७० ला शिपायांनी गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, त्यातल्या दोन मुली होत्या.

१९७१ मध्ये डॅनियल एल्सबर्ग नावाच्या माणसानं युद्धाचे गुप्त कागद वर्तमानपत्रांना दिले. आधीच्या सरकारांनीही लोकांना कसं फसवलं, ते त्यात होतं. निक्सन खवळले. त्यांच्या कार्यालयानं एक गुप्त टोळीच तयार केली. ही टोळी एल्सबर्गच्या डॉक्टरचा दवाखाना फोडून आली, का तर त्याची बदनामी करायला काही सापडतंय का ते बघायला. युद्ध लपवता लपवता सरकार घरफोडीपर्यंत आलं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बांगलादेशच्या युद्धात आपल्याला धमकावायला बंगालच्या उपसागरात अमेरिकेचं आरमार आलं होतं. ते पाठवणारेही हेच निक्सन.

आता या १७ जून १९७२ च्या रात्रीकडे. वॉशिंग्टन शहरात वॉटरगेट नावाची मोठी इमारत आहे. तिथं निक्सन यांच्या विरोधी पक्षाचं कार्यालय होतं. रात्रपाळीला फ्रँक विल्स नावाचा चोवीस वर्षांचा काळा पहारेकरी होता. फेरी मारताना त्याला दिसलं, की दाराचं कुलूप लागू नये म्हणून कुणीतरी चिकटपट्टी लावली आहे. त्यानं ती काढली. थोड्या वेळानं पुन्हा पाहतो तर चिकटपट्टी परत लावलेली. त्यानं पोलिसांना फोन केला. पाच माणसं आत सापडली. हातात रबरी मोजे, जवळ कॅमेरे, फोन चोरून ऐकायची यंत्रं आणि शंभर शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा. त्यांतला एक जण निक्सन यांच्या निवडणूक समितीचा सुरक्षा अधिकारी निघाला.

सरकार म्हणालं, आमचा काही संबंध नाही. पण पैसा माग ठेवतो, हे आपल्याला पेटी सांभाळणाऱ्यांना कुणी सांगायला नको. निक्सन यांच्या निवडणुकीसाठी दिलेला पंचवीस हजार डॉलरचा एक चेक पकडलेल्यांपैकी एकाच्या बँक खात्यात निघाला. निवडणूक समितीच्या तिजोरीत लाखो डॉलर रोख पडून असायचे आणि त्यातून गुप्त कामांना पैसा जायचा. ही गोष्ट पत्रकारांना उलगडून सांगणाऱ्यांत समितीचे हिशेब लिहिणारी एक बाई होती. ती घाबरलेली होती. तरीही रोकड कुठून कुठं जायची, ते तिनं सांगितलं. ते छापणाऱ्या वॉशिंग्टन पोस्ट वर्तमानपत्राच्या प्रमुखही एक बाईच होत्या, कॅथरीन ग्रॅहम. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्यांनी कारभार हाती घेतला होता. सरकारकडून धमक्या आल्या, पण त्या हटल्या नाहीत.

आणखी एक बाई मात्र वेडी ठरली. निवडणूक समितीचे प्रमुख जॉन मिचेल यांची बायको मार्था. घरफोडीनंतर कॅलिफोर्नियातल्या हॉटेलातून ती एका महिला पत्रकाराशी फोनवर बोलत होती, तेव्हा तिच्या पहारेकऱ्यानं फोनची वायर भिंतीतून उपटली. तिला खोलीत डांबलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं. ती ओरडून सांगत राहिली, की इथं काळे धंदे चाललेत. पण लोकांत पसरवलं, की बाई दारू पिते, तिचं डोकं फिरलंय. १९७५ मध्ये त्या पकडलेल्या सुरक्षा अधिकाऱ्यानंच मान्य केलं, की मार्था खरं बोलत होती. पुढच्याच वर्षी ती वारली. बोलणाऱ्या बाईला वेडी ठरवायची रीत फक्त आपल्याच गावात आहे असं नाही.

एवढं सगळं होऊनही नोव्हेंबर १९७२ च्या निवडणुकीत निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत जिंकले. इथं थांबून विचार करा. माणूस भरघोस मतांनी निवडून आला, म्हणजे त्याची वही बरोबर आहे असं होत नाही. निवडणूक वेगळी आणि हिशेब वेगळा.

हिशेब पुढं झाला. १९७३ मध्ये संसदेच्या चौकशीचं काम टीव्हीवरून घराघरांत दिसू लागलं. जुलैत एका साक्षीदारानं सांगितलं, की निक्सन आपल्या कार्यालयातलं बोलणं स्वतःच टेप करून ठेवतात. म्हणजे खरी वही अजून होती! टेपा मागितल्या, तर निक्सन देईनात. मागणाऱ्या सरकारी वकिलालाच त्यांनी काढून टाकायला लावलं. त्या हुकमाला नकार देऊन कायदामंत्र्यांनी राजीनामा दिला. एका टेपमधलं साडेअठरा मिनिटांचं बोलणं पुसलेलं निघालं. आपल्या भाषेत सांगायचं तर वहीचं पान फाडलेलं.

२४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं, टेपा द्याव्याच लागतील. न्यायाधीशांतले तिघे तर निक्सन यांनीच नेमलेले होते. एका टेपमध्ये पुरावा सापडला. घरफोडीनंतर सहाच दिवसांनी निक्सन सांगत होते, गुप्तहेर खात्याला मध्ये घालून पोलिसांचा तपास थांबवा. तो तपास कुठं पोचला होता? पैशाच्या मागापर्यंत.

त्याच दिवसांत संसदेच्या समितीत महाभियोगाची चर्चा चालू होती. अडतीस सदस्यांत दोनच बाया होत्या. टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन या काळ्या समाजातल्या. त्या म्हणाल्या, राज्यघटना लिहिली तेव्हा तिच्यात माझ्यासारखीला जागा नव्हती, पण आज तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि ती मोडताना मी बघत बसणार नाही. समितीनं तीन आरोप मंजूर केले. तपासात अडथळा, सत्तेचा गैरवापर आणि संसदेनं मागितलेले पुरावे न देणं. ९ ऑगस्ट १९७४ ला, म्हणजे आपल्या क्रांतिदिनाच्या तारखेला, निक्सन यांनी खुर्ची सोडली. राजीनामा देणारे अमेरिकेचे ते पहिले आणि आजवर एकमेव राष्ट्राध्यक्ष. महिन्याभरानं नव्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. त्यांचे मोठमोठे साथीदार मात्र तुरुंगात गेले, मार्थाचा नवराही.

गोष्ट इथं संपवली असती, तर ऐकायला गोड वाटली असती. पण त्या समितीपुढं आणखी एक आरोप होता, कंबोडियावरच्या चोरून केलेल्या बॉम्बफेकीचा. समितीतल्या दुसऱ्या बाई, एलिझाबेथ होल्ट्झमन, यांनी तो उचलून धरला. बॉम्बफेक थांबवावी म्हणून त्या आधी कोर्टातही गेल्या होत्या. पण आरोप बारा विरुद्ध सव्वीस मतांनी पडला. घरफोडी झाकल्याचा हिशेब घेतला गेला. ज्यांच्या शेतांवर, झोपड्यांवर बॉम्ब पडले, त्यांचा हिशेब त्या बैठकीत मांडून बंद केला. ती माणसं गरीब होती, लांबची होती आणि त्या बैठकीत त्यांचं कुणी बसलेलं नव्हतं.

म्हणून त्या सुनेला आम्ही म्हणालो, बाई, चोर शोधायला आपण मोजत नाही. आपण दर वेळी मोजतो, म्हणजे दुसरी वही लिहायची कुणालाच गरज पडत नाही. रोज मोजणाऱ्या घरात अध्यक्षबाई सुखानं झोपतात. निक्सन यांना पहिल्याच नोंदीला कुणी थांबवलं असतं, तर पुढची घरफोडी करावी लागली नसती. आणि कितीतरी जीव वाचले असते.

दुसरं सांगितलं ते असं, की बैठकीला जी आलेली नाही तिचाही हिशेब वाचा. मजुरीला गेलेली, माहेरी अडकलेली, बोलायला घाबरणारी. तिच्या नावासमोर काय लिहिलंय, ते मोठ्यानं वाचा. कारण हिशेब बुडतो तो बहुतेक वेळा गैरहजर असणारीचाच.

तो पहारेकरी फ्रँक विल्स पुढं धड नोकरीला लागला नाही. गरिबीतच २००० साली वारला. त्यानं त्या रात्री वेगळं काही केलं नव्हतं. फेरी मारली आणि दार पाहिलं, पुन्हा फेरी मारली आणि पुन्हा पाहिलं. ते त्याचं कामच होतं.

येत्या बैठकीत इतिवृत्त वाचायची पाळी त्या नव्या सुनेची आहे. तिनं स्वतःच मागून घेतली. तुमच्या गटात कुणाची पाळी आहे? आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.