सुधाकराचे मंडळ

गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ वर्गात शिकवताना आर्यमदिरामंडळाचे प्रवेश आपण बहुधा विनोदाच्या खात्यावर जमा करतो आणि सुधाकर-सिंधूच्या शोकांतिकेकडे वळतो. पण या नाटकात संघटना आहे ती पिणाऱ्यांचीच. तळीरामाच्या मंडळात नव्या माणसाचे स्वागत होते, त्याला बसायला जागा मिळते, बोलायला माणसे मिळतात. दारू सोडू पाहणाऱ्यासाठी मात्र असे कोणतेही मंडळ नाही. सुधाकर शपथ घेतो ती एकट्याने, आणि ती मोडतोही एकट्यानेच. दारूची पकड कशी घट्ट होत जाते हे तो रामलालला विलक्षण स्पष्टपणे सांगतो. त्या भाषणाचे वक्तृत्व आपण वाखाणतो, पण ऐकणारा कोण आहे हे फारसे पाहत नाही. रामलाल सज्जन आहे, जिवाभावाचा आहे. पण तो कधी त्या वाटेने गेलेला नाही. जाणकार बोलतो आहे आणि अजाण ऐकतो आहे.

हे नाटक गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यानंतर सोळा वर्षांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या रबर-कारखान्यांच्या गावी नेमकी ही श्रोत्याची जागा बदलली. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी तेथे आला होता. काम फिसकटले होते. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. ११ मे १९३५, शनिवार. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा होता आणि बारमधला हसण्याबोलण्याचा आवाज कानांवर येत होता. त्याने चर्चची यादी पाहून एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला. त्याची मागणी मात्र उपदेशाची नव्हती. त्याला हवा होता गावातला एखादा दारुडा, ज्याच्याशी बोलता येईल!

एकाकडून दुसऱ्याकडे असे विचारत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली. स्मिथ पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते; बोलणे सहा तासांहून अधिक चालले. विल्सनने त्यांना सुधारण्याचा प्रयत्न केला नाही, स्वतःची हकिगत सांगितली. मद्यासक्तीविषयी स्वानुभवाने बोलणारा हाच पहिला माणूस भेटला, असे स्मिथ यांनी पुढे नोंदवले आहे. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची सुरुवात याच भेटीतून झाली.

ही कल्पना अगदीच नवी होती असे नाही. १८४० साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी मिळून ‘वॉशिंग्टनियन’ चळवळ काढली होती. तिच्या सभांतही पूर्वीचे मद्यपी आपली कहाणी सांगत. ती झपाट्याने पसरली, दारूबंदीच्या राजकारणात आणि अंतर्गत वादांत गुरफटली आणि काही वर्षांतच विरली. विल्सनने तिच्याविषयी पुढे लिहिले आहे. १९५० साली क्लीव्हलंडच्या अधिवेशनात स्वीकारलेल्या बारा परंपरांत बाहेरच्या वादांवर मत न देण्याचा दंडक आहे. सभासदत्वाची अट एकच : पिणे थांबवण्याची इच्छा. ते थांबलेले असावे, असेही नाही. मला हा तपशील सर्वांत उदार वाटतो.

मंडळ सापडायचे कसे, हा प्रश्न प्रारंभी बिकटच होता. १ मार्च १९४१ रोजी ‘सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि पत्रांचा पाऊस पडला, सुमारे २,००० सभासद वर्षअखेरीस सुमारे ८,००० झाले. भारतात हे काम १९५७ साली सुरू झाले. मुंबई राज्यात तेव्हा १९४९चा दारूबंदी कायदा होता. म्हणजे शासन ‘पिऊ नका’ म्हणत होते, कीर्तनकार आणि समाजसुधारक तर केव्हापासूनच म्हणत होते. ‘मीही प्यायचो’ असे म्हणणारा आवाज तेवढा नवा होता.

बैठकीचे स्वरूप साधे. संध्याकाळी शाळेचा वर्ग किंवा चर्चची खोली, खुर्च्या, चहा. फी नाही, आडनाव नाही. एकजण बोलतो, मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. आधी काय होते, काय घडले, आता कसे आहे, एवढाच कथेचा सांगाडा. कथानक श्रोत्यांना आधीच ठाऊक असते, म्हणूनच निवेदकाला खोटे बोलणे अवघड जाते. आत्मचरित्र शिकवणाऱ्यांनी या प्रकाराकडे जरा लक्ष द्यावे.

त्यातल्या ईश्वरविषयक भाषेला अनेकजण अडखळतात आणि ते समजण्यासारखे आहे. फार पिणाऱ्याने एकाएकी थांबणे जिवावर बेतू शकते. तेथे आधी डॉक्टरच हवा. पुण्यात १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभारले ते उपचारासाठी. मात्र २०२०च्या कॉक्रेन समीक्षेत, पूर्ण वर्ज्यता टिकवण्याच्या बाबतीत या बैठकांकडे नेणाऱ्या पद्धतशीर उपचारांचा निष्कर्ष इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरला आहे.

राहिली सिंधू. ती कोणाजवळ काय बोलणार? पतीची निंदा तिच्या तोंडून निघणे नाटककारालाच मान्य नाही. विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल्-अ‍ॅनॉन’ हे वेगळे मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. त्याआधी नवऱ्यांच्या बैठका चालत तेव्हा बायका स्वयंपाकघरात कॉफी करत थांबत. त्यांचे आपापसातले बोलणे तेथेच सुरू झाले होते.