अंगणातली झुडपे आणि शेळीची परीक्षा

गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या माझ्या एका शिक्षकमित्राच्या घरापुढची ड्युरांटाची रांग वाळली. पिवळ्या पानांची, कात्रीने छाटून चौकोनी केलेली ही रांग आता खानदेशातल्या प्रत्येक नव्या वसाहतीत दिसते. मित्राचे अंगण पश्चिमेला. दुपारी बारापासून मावळेपर्यंत ऊन, समोर तापलेला डांबरी रस्ता, खाली काळी जमीन. एप्रिलमध्ये पाण्याची ओढ झाली आणि तीन आठवड्यांत सगळी रांग काड्यांसारखी झाली.

“हिच्या जागी आता काय लावू?” त्याने विचारले. शेजाऱ्यांनी बिट्टी सुचवली होती. पाणी लागत नाही, गुरे तोंड लावत नाहीत, वर्षभर पिवळी फुले. रोपवाटिकेत कोनोकार्पसची शिफारस झाली होती. सोप्या प्रश्नाला सोपे उत्तर द्यायचे तर चार नावे सांगून मोकळे होता आले असते. पण खानदेशातल्या अंगणांत कोणते झुडूप केव्हा आले, का टिकले आणि का गेले, हे आधी पाहिले तर निवड अधिक डोळसपणे करता येईल असे मला वाटले.

सुरुवात शेळीपासून करावी लागते. आज घराला पक्की भिंत आणि लोखंडी फाटक असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बहुतेक घरांपुढे यातले काहीच नव्हते. गावातली शेळी, गाय, गाढव कुठेही फिरे. अशा उघड्या अंगणात लावलेल्या रोपाची पहिली परीक्षा ऊन घेत नसे, शेळी घेई. त्या परीक्षेत उतरलेल्या झाडांची यादी करून पाहा: कण्हेर, अडुळसा, निर्गुडी, रुई, शेर, निवडुंग, घाणेरी, बेशरम, बिट्टी. यांतल्या कोणाला काटे आहेत, कोणाला उग्र वास, कोणाला कडू चव, कोणाला विषारी चीक. म्हणजे आपल्या जुन्या अंगणांत विषारी झुडपे जास्त दिसतात याचे कारण आपल्या पूर्वजांची आवड नसून शेळीची नावड आहे! बाकीची झाडेही लोकांनी लावली असतील; ती शेळीच्या पोटात गेली.

या यादीतली सर्वांत मानाची कण्हेर. तिचे करवीर हे नाव जुने आहे, आणि अमरकोशात तिला हयमारक, म्हणजे घोडा मारणारी, असेही म्हटले आहे. तिच्या पानांत, सालीत आणि मुळांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. पेशींच्या पटलात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा जो पंप असतो, तो ही द्रव्ये अडवतात. हृदयाच्या स्नायूची लय त्यामुळे बिघडते. तरीही आपण ती देवळापुढे आणि घरापुढे लावत आलो, कारण उन्हाला तिच्याइतके पुरून उरणारे फुलझाड विरळा.

ती उन्हाला कशी पुरून उरते हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एका पानात दाखवता येते. कण्हेरीच्या पानाचा पातळ आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. वरची साल एका थराची नसून अनेक थरांची दिसते, तिच्यावर जाड मेणचट आवरण. पर्णरंध्रे फक्त खालच्या बाजूला, आणि तीही पृष्ठभागावर नाहीत. खोल खळग्यांत दडलेली असतात. खळग्याच्या तोंडाशी केसांची दाटी. बाहेर लू वाहत असली तरी खळग्यातली हवा स्थिर आणि दमट राहते, त्यामुळे बाष्प कमी उडते. जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा कण्हेर फुलांनी भरलेली असते, ती या खळग्यांच्या जोरावर. छेद घेताना चीक हाताला लागतो. मुलांना हात धुवायला सांगावे, एवढे पथ्य पाळले की पुरे.

लाल रंगासाठी आलेला निवडुंग

अंगणाबाहेरच्या कुंपणाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती थेट लष्करी गणवेशाशी जाऊन भिडते. कोचिनील नावाच्या किड्यापासून उत्तम लाल रंग मिळे. हा किडा निवडुंगावर वाढतो. त्याचा व्यापार स्पेनच्या हाती होता आणि माल मेक्सिकोतून येई. ईस्ट इंडिया कंपनीला तो भारतात पिकवायचा होता. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी १७८० च्या दशकात त्यासाठी खटपट केली आणि निवडुंगाची बाग उभी केली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलमधून किडे कलकत्त्याला आणले. पण ते भलतेच निघाले. रंग हलका, आणि निवडुंग मात्र फस्त! उद्योग बुडाला. निवडुंग मागे राहिला.

पुढे याच चुकीचा उपयोग झाला. १८६३ च्या सुमारास हा किडा दक्षिण भारतात मुद्दाम सोडला आणि तिथला एका जातीचा निवडुंग त्याने साफ केला. किडा सोडून तणाचा नायनाट करण्याचा जगातला हा पहिला प्रयत्न मानतात. मात्र दुसरी जात, पिवळ्या फुलांचा आणि लाल बोंडांचा फड्या निवडुंग, त्याला दाद देईना. दख्खनच्या गावांभोवती, गायरानांत, ओढ्याकाठी त्याच्या भिंती उभ्या राहिल्या. त्यात साप, विंचू, रानडुकरे. दुष्काळात मात्र लोक त्याचे काटे जाळून फडे गुरांना घालत, त्यामुळे त्याला सरसकट शत्रू म्हणणेही अवघड होते. अखेर १९२६ मध्ये कोचिनीलची दुसरी जात श्रीलंकेतून दक्षिण भारतात आणली गेली. फड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला, कापूस चिरडला की बोटे लाल होत, आणि काही वर्षांतच पिढ्यान्‌पिढ्यांची कुंपणे कोसळली.

म्हणजे “वाळलेल्या कुंपणाच्या जागी काय लावायचे?” हा मित्राचा प्रश्न दख्खनमध्ये शंभर वर्षांपूर्वीही मोठ्या प्रमाणावर पडला होता. लोकांनी तेव्हा हाताशी जे होते ते लावले: मेंदी, शेर, चिलार, घायपात. आणि घाणेरी आपली आपणच आली.

शोभेची घाणेरी

घाणेरी किंवा टणटणी ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. सतराव्या शतकात ती हॉलंडला पोचली आणि युरोपातल्या माळ्यांनी तिच्या जातींचे एकमेकींशी संकर करून रंगांची बहार उडवून दिली. १८०९ मध्ये ती शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. तिथून बंगले, तिथून कुंपणे, आणि पक्ष्यांच्या पोटातून रानात. सातपुड्याच्या पायथ्याशी फिरलेल्या कोणालाही तिचे माजलेले रान ठाऊक आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या वाघांच्या प्रदेशापैकी सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगलात घाणेरी पसरल्याचा अंदाज मांडला आहे. ती खाल्लेल्या गुरांना कावीळ होते आणि उन्हात त्यांची कातडी सोलवटते.

निवडुंगावर चालला तो उपाय घाणेरीवरही करून पाहिला गेला. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून जाळीदार पंखांचा एक छोटा ढेकूण डेहराडूनला आणला. चाचणीत तो सागाच्या फुलांनाही तोंड लावतो अशी शंका आली, म्हणून सगळे ढेकूण मारून टाकले. तरी काही निसटलेच, आणि आज ते देशभर घाणेरीवर सापडतात. पण घाणेरी काही हटली नाही. याचे एक कारण उद्बोधक आहे. निवडुंग ही निसर्गातली सरळ जात, तिचा शत्रू तिच्या मूळ घरी शोधता येतो. घाणेरी ही माळ्यांनी घडवलेली अनेक संकरांची खिचडी. तिला ठरावीक मूळ घरच नाही, मग घरचा शत्रू कुठून आणणार?

कोनोकार्पसची शिफारस मला म्हणूनच खटकली. झटपट वाढणारे, हिरवेगार, शेळीला न आवडणारे असे त्याचे वर्णन ऐकले की घाणेरी आठवते. शेजारच्या गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळे होणारा त्रास आणि जमिनीखालच्या तारा, गटारे यांना मुळांमुळे पोचणारे नुकसान ही कारणे त्यासाठी देण्यात आली.

परदेशी म्हणजे वाईट, असा निष्कर्ष मात्र काढू नये. बोगनवेल पाहा. १७६७ मध्ये बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीचे जहाज ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला लागले. त्यावरचे वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सों यांनी हे झुडूप नोंदले आणि कप्तानाचे नाव त्याला मिळाले. कोमेर्सोंचा मदतनीस म्हणून जहाजावर वावरणारी व्यक्ती ही पुरुषवेषातली स्त्री होती, जान बारे. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री तीच. आपल्याकडे आल्यावर फ्रेंच नावातल्या ‘व्हील’चा ‘वेल’ झाला. हा अपभ्रंश इतका चपखल बसला की ते मराठीच नाव वाटते. दीडशे वर्षांहून अधिक काळ बोगनवेल इथे आहे, पण बहुतेक बागायती जातींना बी धरत नाही, त्यामुळे ती रानात पसरली नाही. पाणी कमी केले की तिला बहर जास्त येतो. खानदेशच्या अंगणाला याहून सोयीचे काय असणार? काटे मात्र ध्यानात ठेवून फाटकापासून दूर लावावी.

आता बिट्टी. हीदेखील उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली, कण्हेरीची नातेवाईक. विषाची जातकुळीही तीच. फरक असा की कण्हेरीची शेंग मुलांना आकर्षक वाटत नाही. बिट्टीचे फळ गोल, हिरवे, गुळगुळीत, खेळायला हाताला येणारे असते, आणि आतल्या बिया अतिशय विषारी. मित्राच्या अंगणात संध्याकाळी गल्लीतली दहा-पंधरा लहान मुले खेळतात. शेळीच्या परीक्षेत बिट्टी पहिल्या वर्गात उतरते. पण त्या अंगणाला आता भिंत आहे, फाटक आहे, शेळी येत नाही. येतात ती मुले. परीक्षकच बदलला तर जुना निकाल कसा चालेल? मी त्याला बिट्टी लावू नकोस असे स्पष्ट सांगितले. वाळलेल्या ड्युरांटाची पिवळी फळेही विषारीच, हे त्याला माहीत नव्हते. शाळेच्या आवारात ही दोन्ही झाडे सर्रास दिसतात. ती तोडावीत की नाही हे तिथल्या शिक्षकांनी मुलांचे वय पाहून ठरवावे, पण निदान मुलांना ती ओळखता यावीत.

जमिनीचाही विचार करावा लागला. काळ्या मातीतली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मेमध्ये पडणाऱ्या भेगांत वरवरची मुळे अक्षरशः तुटतात. ड्युरांटा वाळली त्यात तहानेइतकाच या भेगांचाही वाटा असावा. खड्ड्यात एक तृतीयांश मुरूम मिसळणे आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर देणे हे दोन उपाय कोणत्याही झुडपाला लागू पडतात.

माझी पहिली शिफारस होती तरवडाची. मित्र हसला. तरवड कोणी अंगणात लावतो का? माळावर, रस्त्याकडेला उगवणारे झुडूप ते. पण तेलंगणाने ते राज्यपुष्प म्हणून स्वीकारले आहे. त्याच्या सालीवर एके काळी दक्षिणेतला चामडे कमावण्याचा धंदा चाले. पुढे आफ्रिकेतून वॉटलची साल येऊ लागली तेव्हा त्याचे महत्त्व ओसरले. राजस्थानात तर मेवाड आणि मारवाड यांची सीमा ‘जिथवर आवळ तिथवर मेवाड, जिथवर बाभूळ तिथवर मारवाड’ अशी ठरली होती असे परंपरा सांगते. त्यातला आवळ म्हणजे हा तरवड. मुळे खोल, फुले पिवळीधमक, आणि फिकट पिवळसर-हिरव्या पंखांची भटकी फुलपाखरे त्याच्या पानांवर अंडी घालतात. वर्गाला अळीपासून कोष आणि कोषापासून फुलपाखरू दाखवायचे तर घरचीच प्रयोगशाळा.

शेवटी रांग अशी ठरली: रस्त्याकडे तरवड, मधे मेंदी, भिंतीच्या एका कोपऱ्यात मुलांच्या हाताला न येईल अशी एकच लाल कण्हेर, आणि ओट्याजवळ, जिथे सांडपाणी पोचते तिथे, जास्वंद. कण्हेर ठेवावी की नाही यावर आमचा वाद झाला. विष तर तिच्यातही आहे. पण ‘हबशी’ फुलपाखराच्या अळ्या तिची पाने खातात आणि चांदीसारखा चकाकणारा कोष करतात; तो मुलांना दाखवण्याचा मोह मित्राला आवरला नाही. कोपऱ्याला त्याने जाळी लावली.

तरवडाची रोपे कुठल्याच रोपवाटिकेत मिळाली नाहीत. धुळ्याच्या रस्त्यावरून हिवाळ्यात वाळलेल्या शेंगा आणल्या. बियांचे कवच कठीण असते, म्हणून उकळून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवून जूनमध्ये पिशव्यांत टोचल्या. आठव्या दिवशी पहिले मोड दिसले. जुलैअखेर रोपे वीतभर झाली तेव्हा फाटक उघडे राहून शेजारची शेळी आत शिरली. जास्वंद तिने बुडापर्यंत खाल्ली. तरवड हुंगून सोडून दिला.