वेगाची हौस आणि शर्यतीचे मैदान

परळ, लालबाग, दादर या भागांतील चाळींमध्ये ज्यांचे बालपण गेले, त्यांना बेअरिंगची गाडी म्हणजे काय हे सांगावयास नको. एक फळी, तिच्याखाली दोन आडव्या दांड्या, दांड्यांच्या टोकांना ठोकून बसविलेली जुनी बॉल-बेअरिंगे आणि पुढची दांडी वळविण्यासाठी एक सुतळी, एवढ्या सामग्रीवर ते वाहन सिद्ध होई. बेअरिंगे मिळत ती गिरणीतून निकामी म्हणून टाकलेली, नाही तर एखाद्या गॅरेजच्या दारातील भंगारातून मागून आणलेली. गिरणगावची भूमी पडली सपाट. तेव्हा उतार हवा असेल तर रेल्वेवरील एखाद्या पुलाची वाट धरावी लागे. रस्ता जरा मोकळा दिसला की खडखडाट करीत गाडी खाली येई आणि तिच्यामागून कोणा वडील माणसाचा ओरडाही येई. ओरडणाऱ्याचे चुकत नसे, कारण त्याच उतारावरून बसगाड्या आणि मालमोटारीही उतरत. परंतु मुलांचे तरी काय चुकले? वेगाची हौस वयाबरोबर येते. तिला जागा कोठे द्यावयाची हा प्रश्न मुलांचा नव्हे, वडिलांचा आहे. आणि मुंबई शहराने तो गेल्या सव्वाशे वर्षांत कसा सोडविला, किंवा सोडविला नाही, हे पाहण्याजोगे आहे.

मुंबईच्या रस्त्यावर मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. पहिल्या मोटारमालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. ट्राम त्या वेळी घोड्यांची होती; विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली. अशा काळात, १९०४ च्या डिसेंबरात, दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची एक मोठी कसोटी-दौड योजण्यात आली. वाटेत ना धड रस्ते, ना पेट्रोलची सोय. या दौडीचा हेतू केवळ करमणुकीचा नव्हता; हे नवे यंत्र हिंदुस्थानच्या धुळीत आणि घाटांत टिकते की नाही हे त्यातून ठरावयाचे होते. पुढे १९११ साली मुंबईत भाड्याच्या मोटारी धावू लागल्या आणि १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था स्थापन झाली. दौडी, कसोट्या, मेळावे यांचा प्रपंच अशा संस्थांच्या आश्रयाने वाढला.

मात्र हा प्रपंच मालकांचा होता. संस्थानिक, व्यापारी, गोरे अधिकारी ही मंडळी शर्यतीत उतरत. गिरगावातील कारकुनाच्या किंवा परळच्या विणकऱ्याच्या मुलाला त्यात शिरण्यास एकच दार होते, आणि ते गॅरेजचे. बारातेरा वर्षांचा मुलगा क्लीनर म्हणून लागे. मोटार धुणे, चाक बदलणे, थंडीत हँडल फिरवून इंजिन चालू करणे, ही त्याची कामे. क्लीनरचा पुढे मिस्त्री होई किंवा ड्रायव्हर होई. लॅमिंग्टन रोड आणि ऑपेरा हाऊस या परिसरात सुट्या भागांची दुकाने व दुरुस्तीची ठिकाणे वाढली, तशी गिरगावच्या उंबरठ्यावर ही एक शाळाच उभी राहिली. तिला पाटी नव्हती, फळा नव्हता. शिक्षण मात्र पक्के होते. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कोणता सिलिंडर रुसला आहे हे सांगणारे कारागीर तिने घडविले. उणीव एकच राहिली. ज्या हातांनी मोटार शर्यतीस सज्ज केली, त्या हातांत तिचे चक्र सहसा आले नाही.

इकडे युरोपात शर्यतीसाठी निराळे मैदान हवे ही जाणीव लवकर झाली होती. १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे मोटारींसाठीच मुद्दाम बांधलेली धावपट्टी तयार झाली. सार्वजनिक रस्त्यावर ताशी २० मैलांहून अधिक वेगाने जाण्यास तेथे बंदी होती. मग यंत्राची पारख करावयाची कोठे? या अडचणीतून ते मैदान जन्मास आले. मैदान हे वेगाला दिलेले उत्तेजन नसून वेगाला घातलेली वेस आहे, हा विचार त्यामागे होता. वेशीच्या आत काय हवे ते करा, बाहेर मात्र पादचाऱ्याचा मान राखा.

मुंबईत ही वेस पडली नाही. परंतु तरुणांनी आपल्या हौसेसाठी एक स्वस्त वाट शोधून काढली, ती सायकलची. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून मुंबईस परतले. वाळवंटे, बर्फ, अरण्ये तुडवीत त्यांनी सुमारे ४४,००० मैलांची मजल मारली. या धाडसाचे मूळ व्यायामशाळेत होते, कोणा धनिकाच्या मोटारखान्यात नव्हते. दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली निघाले. नायगाव-परळ भागांत कबड्डी-खोखोचे संघ गल्लोगल्ली उभे राहिले. ज्या ठिकाणी फी नाममात्र, गुरुजी घरचे आणि मैदान पायांच्या वाटेवर, त्या ठिकाणी मुले आपोआप जमतात, हा त्या काळाचा धडा होय. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांच्या आधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ ही पदवी मिळते. हे राज्य वारसाहक्काने मिळत नाही, मांडीच्या बळावर मिळते. आणि म्हणूनच त्याचे कौतुक चाळीत तितकेच होते जितके बंगल्यात.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार-शर्यतीला अनपेक्षितपणे जागा लाभली, ती विमानतळांवर. युद्धासाठी बांधलेल्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या. १९४८ साली इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथील अशाच विमानतळावर मोटारी धावू लागल्या. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरम येथे आणि मुंबईस जुहू येथे तोच प्रकार झाला. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते येथेच. त्याच जमिनीवर स्वातंत्र्यानंतरच्या काळात मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यती भरत आणि बघ्यांची गर्दी लोटे. घरची जुनी मोटार सोलून, आसने काढून, हलकी करून आणणारे हौशी त्यांत असत. आणि त्यांच्या पाठीशी तेच गॅरेजवाले मिस्त्री.

येथे दोन शहरांच्या वाटा फुटल्या. जुहूभोवती उपनगर वाढले, जमिनीचा भाव चढला आणि शर्यती बंद पडल्या. मद्रासच्या हौशी मंडळींनी मात्र स्वतःची संस्था काढली, शहराबाहेर इरुंगट्टुकोट्टै येथे जमीन मिळविली आणि १९९० साली तेथे शर्यतीचे कायमचे मैदान सुरू केले. कोइमतूरलाही धावपट्टी झाली. परिणाम लवकरच दिसला. २००५ साली फॉर्म्युला वन शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हा कोइमतूरचा, आणि त्यानंतरचा करुण चंढोक मद्रासचा. दक्षिणेतील मुलांचे रक्त मुंबईच्या मुलांहून अधिक तापट आहे असे कोणी म्हणणार नाही. फरक रक्ताचा नसून जमिनीचा आहे.

ही गोष्ट अधिक स्पष्ट व्हावी यासाठी मुंबईच्या क्रिकेटकडे पाहावे. १९४८ साली डॉ. कांगा यांच्या नावाने पावसाळी क्रिकेटची लीग सुरू झाली. ओल्या खेळपट्टीवर शाळकरी पोरगा आणि कसोटी खेळलेला बुजुर्ग हे एकाच सामन्यात समोरासमोर येतात. शिवाजी पार्कावर नेटमध्ये चेंडू आणून देणारा मुलगा दुसऱ्या वर्षी गोलंदाजी करू लागतो आणि चौथ्या वर्षी संघात येतो. म्हणजे तेथे एक जिना आहे, आणि त्याची पहिली पायरी जमिनीला टेकलेली आहे. मोटार-शर्यतीच्या जिन्याला वरच्या पायऱ्या पुष्कळ. पण पहिली पायरी सामान्य मुलाच्या डोक्यावरून जाते.

ही पहिली पायरी खाली आणण्याचे प्रयत्न जगात झाले आहेत. अमेरिकेत डेटन शहरी मुले फळ्या-खोक्यांच्या बिनइंजिनाच्या गाड्या उतारावरून सोडीत; त्या खेळाला १९३४ साली राष्ट्रीय स्पर्धेचे रूप देण्यात आले आणि पुढे ॲक्रन येथे त्यासाठी उताराचा खास रस्ता बांधला गेला. आपल्या बेअरिंगच्या गाडीचीच ती बहीण. तिला रस्ता मिळाला, हिला ओरडा मिळाला. पुढे १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन लावून पहिली कार्ट तयार केली. कार्ट म्हणजे सांगाड्यावर बसविलेले आसन. तिला स्प्रिंगा नाहीत आणि मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असतात. साध्या मोटारीत वळणावर बाहेरचे चाक अधिक फिरते, आतले कमी. कार्टमध्ये ती सवलत नाही. म्हणून वळण घेताना आतले मागचे चाक किंचित उचलले जाईल अशा बेताने ती हाकावी लागते. ब्रेक केव्हा, वळण केव्हा आणि जोर केव्हा द्यावा, हे दहा वर्षांचे मूल येथे अंगाने शिकते. आजचे बहुतेक नामांकित शर्यतपटू या शाळेतून बाहेर पडले आहेत.

मुंबईचा जेहान दारूवाला हाही त्यांतलाच. १९९८ साली जन्मलेला हा मुलगा कार्टिंग करीत असता २०११ साली एका देशव्यापी निवड-स्पर्धेत निवडला गेला, आणि डिसेंबर २०२० मध्ये साखीर येथे फॉर्म्युला टू शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. कोल्हापुरात मोहिते मंडळींनी मैदान उभारले; त्याच शहराचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत उतरला. म्हणजे महाराष्ट्रात गुण आहे. पण हा मार्ग खर्चाचा आहे. टायर, इंजिन, प्रवास यांचा भार सामान्य घराला पेलत नाही.

म्हणून शर्यतीच्या मैदानावर केवळ सारथीच असतो ही समजूत आधी सोडली पाहिजे. एका शर्यतीस वळणावळणावर निशाणे घेऊन उभे राहणारे मार्शल लागतात. पिवळे निशाण धोक्याचे, निळे मागून वेगवान गाडी येत असल्याचे, तांबडे थांबण्याचे आणि चौकड्यांचे समाप्तीचे. याखेरीज गाडी नियमात बसते की नाही हे तपासणारे, वेळ नोंदविणारे, आग विझविणारे, जखमीस उचलणारे हवेतच. ही कामे शिकण्यास मोटार विकत घ्यावी लागत नाही. हिमालयन रॅलीचा १९८० साली पाया घालणारे मुंबईचे नझीर हुसेन हे पुढे आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या क्रीडा परिषदेवर गेले आणि फॉर्म्युला वन शर्यतींत पंच म्हणूनही बसले. पंचाच्या आसनापर्यंतही एक वाट जाते, ती अशी.

आणखी एक वाट विद्येची आहे. १८८७ साली स्थापन झालेली आणि गिरण्यांना कसबी माणसे पुरविण्यासाठी नावाजलेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट भायखळ्याहून १९२३ साली माटुंग्यास आली. आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने चालते. दादरहून चालत जाता येईल अशा या संस्थेतील विद्यार्थी, तसेच पवईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी, स्वतः आराखडा काढून शर्यतीची गाडी बांधतात आणि ती स्पर्धेत नेतात. वेल्डिंग कोणी करावयाचे, हिशेब कोणी ठेवावयाचा, रात्री दोन वाजता बिघडलेला भाग कोणी शोधावयाचा, हे सारे विशीतली मुले ठरवितात. गॅरेजमधील मिस्त्रीचा हात आणि कॉलेजातील पुस्तक यांची गाठ येथे पडते.

हा सारा विचार हौसेपुरता असता तर तो सोडून देता आला असता. परंतु मैदान नसले म्हणून वेग थांबत नाही. तो रात्री रस्त्यावर येतो. मरीन ड्राइव्हसारख्या सरळ, गुळगुळीत रस्त्यावर मध्यरात्रीनंतर मोटारसायकलींच्या पैजा लागतात आणि पोलिसांना नाकाबंदी करावी लागते, हे मुंबईकरांना नवे नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास वा वाहनमालकास २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कायदा कडक आहे आणि तो असावाच. पण दंड हा ‘येथे नको’ एवढेच सांगतो. ‘मग कोठे’ याचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली आणि त्या जागांवर मनोरे उभे राहिले. त्या शेकडो एकरांत चारपाचशे यार्डांची एक कार्टिंगची वाट आणि तिच्या कडेला एक कार्यशाळा बसली नसती असे नाही. ती संधी गेली. तरी वेळ सर्वस्वी गेली आहे असेही नाही. एखाद्या शाळेचे पटांगण, सुटीच्या दिवशी रिकामे राहणारे वाहनतळाचे आवार, एक अनुभवी मिस्त्री, चार जुन्या कार्ट, डोक्यावर शिरस्त्राण आणि हाती निशाण घेतलेले विद्यार्थी, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. दादरच्या व्यायामशाळेनेही एका दिवसात वैभव मिळविले नव्हते.

गिरणी गेली, तिच्यातील बेअरिंगेही गेली; पुलाच्या उतारावर आता फळीची गाडी क्वचितच दिसते. पण ती सुतळी हातात धरून, डोळे विस्फारून, पुढचे वळण पाहणारा मुलगा अजून चाळीत आहे आणि मनोऱ्यातही आहे. त्याला उतार कोणी दाखवावयाचा, एवढेच ठरावयाचे आहे.